दोन वर्गांचे एक मास्तर : प्रा. श्री. म. माटे

(एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड., वाघोली)



स्मरणिका हाती पडली की आपण आधी निकालाचे पान उघडतो, मग आपल्या मुलाचे नाव शोधतो, आणि त्यानंतर सवड मिळालीच तर लेखांकडे वळतो. त्यात काही गैर नाही. मी स्वतःही तेच करतो. पण आज निकालाचे पान मिटल्यावर थोडा वेळ मला द्या. मला तुम्हांला एका मास्तरांची ओळख करून द्यायची आहे. त्यांचे नाव श्रीपाद महादेव माटे. मराठी साहित्याच्या इतिहासात ते थोर निबंधकार व कथाकार म्हणून ओळखले जातात. परंतु मी त्यांच्याकडे पाहणार आहे ते त्यांच्या विद्यार्थ्यांच्या बाजूने. कारण मास्तर किती मोठा होता हे त्याच्या पदव्यांवरून कळत नाही, त्याच्या हाताखालून गेलेल्या मुलांवरून कळते.

माटे यांचा जन्म 2 सप्टेंबर 1886 रोजी विदर्भातील शिरपूर या गावी झाला. शिक्षण सातारा आणि पुणे येथे झाले. एम. ए. झालेल्या माणसाला त्या काळी सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. माटे मात्र शाळामास्तर झाले, आणि पुढे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात, म्हणजे आपण ज्याला एस. पी. कॉलेज म्हणतो तेथे, इंग्रजी व मराठीचे प्राध्यापक झाले. पुणे विद्यापीठ तेव्हा नव्हते. ते 1949 साली सुरू झाले. त्याआधी पुण्याची कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, आणि कॉलेजात पाऊल ठेवणारा मुलगा बहुधा शिकल्यासवरल्या घरातलाच असे.

येथपर्यंतची हकीकत अनेक प्राध्यापकांची सांगता येईल. माट्यांचे वेगळेपण यापुढे आहे. दिवसा सुशिक्षितांच्या मुलांना शिकवणारा हा माणूस रात्री दुसऱ्या वर्गावर जात असे. ज्यांना गावाने विहिरीवर, देवळात आणि शाळेत मज्जाव केला होता, त्यांच्या मुलांसाठी पुण्यात चाललेल्या रात्रीच्या वर्गांत त्यांनी वर्षानुवर्षे शिकवले. हे काम त्यांनी गवगवा न करता केले, तरी ते लपले नाही. पुण्यातील सनातनी मंडळींनी त्यांना महार माटे असे टोपणनाव ठेवले. ब्राह्मण घरातल्या माणसाला त्या दिवसांत असे नाव चिकटणे म्हणजे काय, याचा विचार करा. आपल्याच गल्लीत, आपल्याच नात्यागोत्यात रोज टोमणे ऐकायचे आणि तरी संध्याकाळ झाली की पुन्हा वर्गावर जायचे! माट्यांनी ते नाव घेतले, पण वर्ग सोडला नाही.

आता त्या दोन वर्गांतील विद्यार्थ्यांचा एकमेकांना काय फायदा झाला ते पाहा. भाषेच्या मास्तराला शब्दाची पारख असते. 1933 साली माट्यांनी या प्रश्नावर पुस्तक लिहिले तेव्हा नाव दिले ‘अस्पृष्टांचा प्रश्न’. विद्यार्थी मित्रहो, येथे जरा थांबा. अस्पृश्य म्हणजे ज्याला शिवायचे नाही असा. अस्पृष्ट म्हणजे ज्याला कोणी शिवलेले नाही असा. एका अक्षराचा फरक. पण पहिल्या शब्दात दोष त्या माणसाच्या अंगी चिकटतो, आणि दुसऱ्यात तो न शिवणाऱ्याच्या पदरी जातो. व्याकरणाचा तास कंटाळवाणा असतो असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण वहीत लिहून ठेवावे.

त्यापुढे 1941 साली त्यांचे ‘उपेक्षितांचे अंतरंग’ हे पुस्तक आले. तोवर मराठी कथेत वावरणारी माणसे बहुतांशी शहरातली, पांढरपेशी. माट्यांच्या कथांत रामोशी आले, महार-मांग आले, खेड्यातली दुबळी, पिचलेली माणसे आली. तारळ खोऱ्यातला पिऱ्या आला. अशा माणसांनाही मन असते, अब्रू असते, हे कॉलेजातल्या वाचकाने त्या पानांतून ओळखले. म्हणजे रात्रीच्या वर्गाने मास्तरांना जे शिकवले, ते मास्तरांनी दिवसाच्या वर्गापुढे ठेवले. शास्त्राचे ज्ञान मराठीतून सामान्य माणसापर्यंत जावे, हीही त्यांची तळमळ होती. 1934 सालच्या ‘विज्ञानबोध’ या ग्रंथाला त्यांनी लिहिलेली विस्तृत प्रस्तावना प्रसिद्धच आहे. 1943 साली सांगलीच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. 25 डिसेंबर 1957 रोजी ते वारले.

आता दिवसाच्या वर्गातील एका विद्यार्थिनीची गोष्ट. आपल्याच पुणे जिल्ह्यातील इंदापूर येथे 1922 साली जन्मलेली ही मुलगी. बालपण खेड-मंचरच्या बाजूला गेले. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. पुण्याला हुजूरपागेत शिकून ती एस. पी. कॉलेजात दाखल झाली. बी. ए.ला असताना तिने कॉलेजच्या अंकात एक लेख लिहिला. माटे सरांनी तो वाचला आणि तिला शाबासकी दिली. घटना एवढीच. ना पदक, ना पारितोषिक, ना फोटो. परंतु त्या शाबासकीने तिला एक गोडी लागली : अधिकाधिक सोपे लिहायचे, पण चांगले लिहायचे. ती मुलगी म्हणजे शांता शेळके. पुढे त्या स्वतः मराठीच्या प्राध्यापिका झाल्या, कवयित्री झाल्या, त्यांची गाणी महाराष्ट्रातल्या घराघरांत गेली, आणि 1996 साली आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. गुरूनंतर त्रेपन्न वर्षांनी शिष्या त्याच मानाच्या जागी बसली.

हे सारे वाचून मी माझ्याकडे पाहिले, आणि खरे सांगायचे तर मला लाज वाटली. वाघोलीच्या भोवती दगडखाणी आहेत हे तुम्हांला सांगायला नको. खाणीवर, क्रशरवर, डंपरवर राबणाऱ्या माणसांची मुले आम्हां शिक्षकांच्या वर्गात येतात. काही वर्षांपूर्वी मी नववीला माझे आवडते ठिकाण हा निबंध दिला. एका मुलाने समुद्रकिनाऱ्यावर सुरेख निबंध लिहिला. सोनेरी वाळू, फेसाळ लाटा, मावळता सूर्य, सगळे जागच्या जागी. मी दहापैकी आठ गुण दिले. नंतर सहज विचारले, बाळ, समुद्र कधी पाहिलास? तो खाली मान घालून गप्प राहिला. निबंध गाइडातला होता. चूक त्याची नव्हती. न पाहिलेल्या समुद्राला आठ गुण देणारा मी होतो.

मी त्याला पुन्हा लिहायला सांगितले, पण रोज पाहतोस ते लिही म्हटले. दुसऱ्या दिवशी त्याने अर्धे पान आणले. पहाटे अब्बा डंपर घेऊन निघतात, संध्याकाळी परत येतात तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असतात, आणि अम्मी आधी पाण्याचा तांब्या देते, मग बोलते. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या, मध्ये मध्ये घरातले दख्खनी शब्द होते. सवयीने माझा हात लाल पेनाकडे गेला. मग मला ती कॉलेजच्या अंकातली शाबासकी आठवली. मी पेन खाली ठेवले आणि ते अर्धे पान वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. चुका आम्ही दोघांनी मिळून नंतर दुरुस्त केल्या. त्या दिवसापासून तो मुलगा मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसत नाही.

पालकहो, तुमची एकच तक्रार मी नेहमी ऐकतो, की घरी दख्खनी बोलतो, आमच्या पोरांना मराठी कुठून येणार? माझे सांगणे असे, की भाषा घरच्या शब्दांना धक्के मारून येत नाही. मुलाने दिवसभरात काय पाहिले ते त्याला रात्री विचारा. कोणत्याही भाषेत सांगू द्या. सांगता येऊ लागले की लिहिता येते; लिहायचे कसे ते आम्ही शिकवू, ते आमचे काम आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही गाइड बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण परीक्षा मलाही ठाऊक आहे. पण आठवड्यातून एक पान आपल्या डोळ्यांनी पाहिलेले लिहा आणि आपल्या सरांच्या किंवा बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवा.

आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो, ते पान आपल्या टेबलावर आले की आधी ते शेवटपर्यंत वाचू या. लाल पेन कुठे पळून जात नाही.