तात्यासाहेब केळकर

नारायण पेठेतला केळकर रस्ता आपल्या रोजच्या पायाखालचा. तो ज्यांच्या नावाचा, त्या नरसिंह चिंतामण केळकरांविषयी मी चार शब्द लिहिते.

त्यांचा जन्म १८७२ साली मोडनिंबचा. साताऱ्यास वकिली करीत होते, ती सोडून १८९६ साली ते लोकमान्यांच्या हाताखाली पुण्यास आले. लोकमान्य मंडालेस असताना ‘केसरी’चा भार ज्यांनी वाहिला, त्यांत तात्यासाहेब होते.

पेशवाई बुडाल्यास १९१८ साली शंभर वर्षे झाली. तेव्हा त्यांनी ‘मराठे व इंग्रज’ हा ग्रंथ लिहिला. त्यात इंग्रजांना नुसती दूषणे न देता आपल्यातील दुहीचाही त्यांनी विचार केला.

लोकमान्य गेल्यावर कायदेमंडळावरील बहिष्कार त्यांना पटला नाही. १९२३ साली ते मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. त्यापायी पुष्कळ टीका सोसली, पण मत बदलले नाही. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी दोनदा सांभाळले. स्वातंत्र्य पाहून १४ ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला.

त्यांची सगळी मते मला पटतात असे नाही. परंतु परक्याचे दोष कोणीही दाखवील. आपल्या माणसांचे दोष सांगून पुन्हा त्यांच्यासाठीच झिजणारे थोडे. म्हणून मला ते मोठे वाटतात.