बिघडलेल्या पिशव्यांचा धडा

भिवंडीच्या गोदामांबाहेर पुठ्ठ्याच्या खोक्यांचे ढीग आपण नेहमी बघतो. पण त्यामागचा माणूस? रॉबर्ट गेअर! जन्म १८३९, स्कॉटलंडमध्ये. चौदाव्या वर्षी तो न्यूयॉर्कला आला, अमेरिकेच्या यादवी युद्धात लढला आणि १८६४ मध्ये कागदी पिशव्यांच्या धंद्यात पडला.

१८७९ मध्ये त्याच्या कारखान्यात यंत्रावरची एक धातूची पट्टी जरा वर आली. घडी पाडायची सोडून तिने पिशव्याच कापल्या. हजारो पिशव्या फुकट! आपण डोक्याला हात लावून बसलो असतो. गेअरची मात्र ट्यूब पेटली. एकाच दाबात कापायचं आणि घडीही पाडायची! खोकी सपाट पाठवायची, गिऱ्हाइकाने उभी करायची. पुढे बिस्किट कंपनीनेही ती घेतली. १९२७ मध्ये गेअर वारला.

साधा पुठ्ठा वाकतो, घडी पडली की वजन पेलतो. २०१४ मध्ये मुंबईच्या ‘आरंभ’ संस्थेने टाकाऊ खोक्यांपासून असंच घडीचं डेस्क बनवलं, जमिनीवर वाकून लिहिणाऱ्या शाळकरी मुलांसाठी. मिटलं की दप्तर!

तेव्हा वर्कशॉपमध्ये जॉब बिघडला, तर भंगारात टाकण्याआधी एकदा नीट बघा.