दादासाहेब फाळके आणि पडद्यावरील पहिल्या स्त्रिया

आमच्या भंडारा जिल्ह्याच्या झाडीपट्टींत दंडारीचा खेळ उभा राही, तेव्हां स्त्रीचें सोंग पुरुषानेंच घ्यावयाचें अशी जुनी चाल होती. भारतीय मूकपटाचा आरंभही याच चालीनें झाला. ती मोडण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं ज्यांना जातें, त्या धुंडिराज गोविंद फाळके यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा व बडोद्याचें कलाभवन येथें त्यांचें शिक्षण झालें. पुढें छापखान्याचा धंदा सुटल्यावर, मुंबईंत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट त्यांच्या पाहण्यांत आला. आपले राम-कृष्ण पडद्यावर कां दिसूं नयेत, या एकाच विचारानें त्यांना पछाडलें. १९१२ सालीं विलायतेस जाऊन त्यांनीं यंत्रसामग्री आणली. पत्नी सरस्वतीबाई यांनीं फिल्मला भोकें पाडण्यापासून मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत सर्व भार उचलला.

परंतु तारामती कोठून आणावी? कुलीन स्त्रिया तर राहोतच, पण समाज ज्यांना हीन लेखी त्या नायकिणीदेखील कॅमेऱ्यापुढें उभ्या राहण्यास तयार होईनात. शेवटीं एका उपाहारगृहांतील नोकर अण्णा साळुंके यांना तारामतीचा वेष देण्यांत आला, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. १९१७ च्या ‘लंकादहना’त तर राम व सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनींच केल्या.

फाळके मात्र तेवढ्यावर संतुष्ट नव्हते. ‘राजा हरिश्चंद्रा’नंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या मूकपटांत दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, व त्यांची अल्पवयीन कन्या कमला मोहिनी झाली. पतीपासून विभक्त होऊन मुलीला एकटीनें वाढविणाऱ्या या मातेनें लोकनिंदेची पर्वा केली नाहीं. पुढें फाळके यांनीं स्वतःची कन्या मंदाकिनी हिला १९१९ च्या ‘कालियामर्दना’त बाळकृष्ण केलें. पुरुषानें स्त्री व्हावें ही रीत येथें उलटली, आणि घरच्या मुलीनें देवाचें रूप घेतलें.

१९३१ सालीं बोलपट आला आणि मूकपटाचे दिवस संपले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें, जवळजवळ विस्मृत अवस्थेंत, त्यांचें निधन झालें.

त्यांच्या नांवें सरकारनें स्थापिलेला पुरस्कार १९६९ सालचा पहिलाच देविका राणी या अभिनेत्रीस मिळाला. १९७३ सालचा सुलोचना, म्हणजे मूकपटांच्या काळीं गाजलेल्या यहुदी नटी रूबी मायर्स, यांना देण्यांत आला. ज्या पडद्यावर तारामतीसाठीं एक स्त्री मिळेना, त्याच्या जनकाच्या नांवानें स्त्रियांचा असा गौरव झाला. उणीव स्त्रियांच्या गुणांत नव्हती, ती पाहणाऱ्यांच्या दृष्टींत होती. दुर्गाबाई व कमला या मायलेकींनीं ती निंदा प्रथम सोसली, म्हणून फाळके यांच्याबरोबर त्यांचेंही स्मरण ठेवणें हें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.