चादर धरणाऱ्या हातांची गोष्ट

रूमवर ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट काढायचा नाद लागलाय ना? हिंगण्याच्या कुठल्याही रूमवर हे जमतं. ट्यूबलाइट बंद करायची, खिडकी अर्धी उघडायची आणि मित्राला तिच्या बाजूला बसवायचं. चेहऱ्याची एक बाजू उजळते, दुसरी अंधारात जाते. अंधार जरा जास्तच झाला, तर त्या बाजूने कुणीतरी पांढरी चादर धरतं. चादरीवरून परतलेला उजेड गालावर येतो आणि हरवलेला डोळा पुन्हा दिसायला लागतो.

ही चादरीची युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, यांच्या घरातही ती होती.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. सिनेमावाले म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण आधी ते फोटोग्राफर होते. गोध्र्यात त्यांनी फोटोग्राफीचा धंदा थाटला होता. तेव्हा फोटो काढून घ्यायचीही लोकांना भीती वाटायची. कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, अशी समजूत होती. खरं संकट मात्र प्लेगच्या रूपाने आलं. १९०० मध्ये त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेली. गोध्रा सुटलं.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. या सरस्वतीबाई. फाळक्यांनी पुढे पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर म्हणून नोकरी केली, मग छपाईचा व्यवसायही केला. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात एकच वेड शिरलं. रोज तासन् तास सिनेमे बघणं, झोप जवळपास नाही. शेवटी डोळ्यांनीच दगा दिला. काही काळ दिसणं जवळजवळ बंद झालं. उपचारांनी दृष्टी परत आली, तसे विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन आले.

पैसे लावणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी घरीच एक प्रयोग केला. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभर त्याची वाढ टिपली. पडद्यावर ते रोप मिनिटभरात वाढताना दिसलं आणि पैसा उभा राहिला.

मग दादरचं घरच स्टुडिओ झालं. शूटिंग उन्हातच व्हायचं. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ काळाच दिसायचा, त्यामुळे डोळ्यांना दिसणारं आणि फिल्मवर उमटणारं यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागे. सावली मऊ करायला पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या त्या सरस्वतीबाई. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांचाच. रात्री अंधारात फिल्मच्या कडांना भोकं पाडायची, ती धुवायची, हेही त्या शिकल्या. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामती व्हायला कुणी बाई तयार होईना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

१६ फेब्रुवारी १९४४ ला दादासाहेब नाशिकमध्ये गेले. १९६९ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. सरस्वतीबाईंचं नाव मात्र आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक होतं? खरं सांगायचं तर, हा लेख लिहायला बसेपर्यंत मलाही ते नीट माहीत नव्हतं.

आपण पोर्ट्रेट पोस्ट करतो तेव्हा खाली फोटो काढणाऱ्याचं नाव असतं, ज्याचा चेहरा आहे त्याला टॅग असतो. अर्धा तास हात दुखेपर्यंत चादर धरणारा रूममेट फ्रेमच्या बाहेर राहतो आणि कॅप्शनच्याही. पुढच्या फोटोखाली एक नाव जास्त लिहा. गालावर आलेला उजेड त्यानेच तर आणलाय.