उघड्या दाराची खोली

पंडिता रमाबाईंचे नाव ऐकलेले नाही असे मराठी ख्रिस्ती घर सापडणे कठीण. केडगावचे मुक्तिसदन, दुष्काळातून वाचवलेल्या मुली, पवित्र शास्त्राचे भाषांतर हे सारे आपण शब्बाथ शाळेत मुलांना सांगतो. परंतु त्यांच्या चरित्रातला एक वाद आपण बहुधा वगळून पुढे जातो. तो वाद एका दाराविषयी होता. एकांतातली भक्ती आणि लोकांतली सेवा यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी त्या दारापाशी थोडे थांबावे, असे वाटते.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. हे कुटुंब एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायी जात असे. देवळात पुराण सांगावे आणि लोक देतील त्यावर राहावे, असा त्यांचा क्रम होता. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी उपासतापास, जप आणि दाने यांत जवळचे सर्व वेचले. हाताने काम करून पोट भरण्याचे शिक्षण घरात कोणालाच मिळाले नव्हते. थोड्याच महिन्यांत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास चालत राहिले. देशभर त्यांची सुमारे दोन हजार कोसांची पायपीट झाली. झेलम नदीच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी ती दोघे वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून निजली होती. भुकेची ही ओळख पुढे उपयोगी पडली.

मधली वर्षे सर्वांना ठाऊक आहेत. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पतीही गेले. मग पुणे, आर्य महिला समाज, इंग्लंड. तेथे वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तेथून त्या अमेरिकेला गेल्या. हिंदू विधवांच्या स्थितीवर त्यांनी तेथे लिहिलेल्या पुस्तकाने पुष्कळांची मने हलली, आणि बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले.

शारदासदनाची अट स्पष्ट होती. तेथे धर्मोपदेश करावयाचा नाही आणि ज्या मुलीचा जो आचार असेल तो तिने पाळावा. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे थोर गृहस्थ सल्लागार होते. ही अट पुष्कळ मिशनऱ्यांना पसंत नव्हती. ख्रिस्ती बाईने चालवलेल्या घरात सुवार्ता सांगू नये हे त्यांना पटेना. रमाबाईंनी मात्र शब्द दिला होता व तो पाळला. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांनी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत.

याच काळात रमाबाईंच्या अंतरात काही निराळे घडत होते. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होत आली असता, १८९१ च्या सुमारास, एका इंग्रज उपदेशकाच्या आत्मवृत्ताचे वाचन करताना त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचा प्रभू अजून सापडायचा आहे. एवढी विद्या, एवढे कार्य, एवढी कीर्ती, आणि ही कबुली! कार्य बंद करून त्या कोठे एकांतात निघून गेल्या नाहीत. सदन चाललेच होते. परंतु यापुढे त्यांची प्रार्थना निराळी झाली.

त्या सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. सदनातल्या मुलींना त्यांच्या खोलीत येण्याजाण्याची नेहमीच मोकळीक होती, म्हणून काही मुली प्रार्थनेच्या वेळीही येऊन बसू लागल्या. कोणी बोलावले नव्हते. पुढे बोभाटा झाला. सल्लागारांचे म्हणणे, प्रार्थना हवी तर करा, पण दार लावून घ्या आणि मुलींना येऊ देऊ नका. रमाबाईंनी ते मानले नाही. इतर वेळी जे दार मुलींसाठी उघडे असते ते देवाचे नाव घेताना तेवढे बंद करावे, हे त्यांना कपटाचे वाटले. ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. वर्तमानपत्रांत, विशेषतः केसरीत, टीकेचा भडिमार झाला. वीसपंचवीस मुलींना त्यांच्या पालकांनी काढून नेले. बोस्टनच्या मंडळाने चौकशी केली आणि ते रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले.

रानडे, भांडारकर यांना येथे दोष देणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. मुलींना सदनात धाडण्याचा धीर लोकांना त्यांच्या शब्दामुळे झाला होता, आणि तो शब्द मोडला असे लोक त्यांच्या तोंडावर म्हणत होते.

कोणी अशीही शंका घेईल की प्रभूने तर प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार लावून घेण्यास सांगितले आहे. खरे आहे. पण ते वचन दिसावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करणाऱ्यांसाठी होते. दानिएलाने, बंदी हुकूम निघाला हे कळल्यावर, नेहमी उघडी असणारी खिडकी लावून घेतली नाही. रमाबाईंचे दार त्या खिडकीसारखे होते. शब्बाथ शाळेत हे दोन उतारे एकत्र शिकवले तर वरच्या वर्गातल्या मुलांना विचार करण्याजोगे पुष्कळ मिळेल.

१८९५ साली लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळ्यात रमाबाईंनी एक धीट प्रार्थना केली. प्रभूला मानणाऱ्या पंधरा मुली तेव्हा त्यांच्याजवळ होत्या. ती संख्या पंधरापट व्हावी, म्हणजे सव्वादोनशे, असे त्यांनी मागितले. मागून झाल्यावर मात्र स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे त्यांना शहरात ठेवता येईना. केडगावला शेत घेतलेले होते. तेथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हेच मुक्तिसदन. १९०० साली गुजरातेतल्या दुष्काळाने संख्या दोन हजारांच्या घरात नेली.

तेथे विणकाम, शिवण, शेती, दूधदुभते, तेलघाणा, छापखाना सारे मुली चालवीत. आईवडिलांच्या घरी जे शिकवले गेले नव्हते ते रमाबाईंनी मुद्दाम शिकवले. आणि दिवसाचा आरंभ प्रार्थनेने. १९०५ च्या जानेवारीत वेल्समधल्या जागृतीची वार्ता ऐकून त्यांनी खास प्रार्थनेसाठी नावे मागितली. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. महिनाअखेरीस केडगावात मोठी जागृती झाली. शेकडो मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करीत. तो गलबला काही पाहुण्या मिशनऱ्यांना रुचला नाही. पण त्याच मुलींच्या टोळ्या आळीपाळीने आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगण्यास जात, आणि बाकीच्या माघारी स्वयंपाकघर व चरखे सांभाळीत. ही व्यवस्था मला त्या गलबल्याहून अधिक बोलकी वाटते.

अखेरची वर्षे त्यांनी भाषांतराला दिली. खेड्यातल्या अडाणी बाईला समजेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्र आणावयाचे, म्हणून या संस्कृत पंडितेने आपल्या लेखणीतून जड संस्कृत शब्द वेचून काढले. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ऐकू कमी येत होते. गुलबर्ग्याच्या मुलींच्या शाळेचा भार मनोरमाबाईंनी उचलला होता. त्या जुलै १९२१ मध्ये आईच्या आधीच गेल्या. रमाबाईंनी मुद्रिते तपासणे चालूच ठेवले. शेवटची मुद्रिते संपल्यावर थोड्याच काळात, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या केडगावात निवर्तल्या. शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे मुक्तिसदनाच्या मुलींनीच जुळवले होते.