केरूनाना छत्रे आणि लोहचुंबकाची सुई

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर माणसाचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात घोळत होती, ती लिहून काढते. भगिनींनी चुकले माकले सांभाळून घ्यावे.

गेल्या वर्षी आमच्या जाऊबाईंची पाठ फार धरली म्हणून त्यांना एमआरआय काढायला घेऊन गेलो. आत जाण्याआधी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसातल्या पिना, सगळे काढून ठेवायला लावले. मी त्या मुलाला कारण विचारले, तर तो म्हणाला की आत दीड टेस्लाचा लोहचुंबक आहे. टेस्ला हे काय माप, ते मला कळेना. घरी आल्यावर धाकट्या मुलाच्या मागे लागून, त्याच्या पुस्तकांतून आणि वाचनालयातून हळूहळू माहिती मिळवली. ती मिळवता मिळवता मी थेट अलिबागजवळच्या एका गावात जाऊन पोचले.

कापड मीटरने आणि तांदूळ किलोने मोजतात, तसा लोहचुंबकाचा जोर टेस्लाने मोजतात. निकोला टेस्ला हा सर्बियन घराण्यातला माणूस अमेरिकेत जाऊन विजेची यंत्रे करीत असे. तो 1943 साली न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलच्या खोलीत एकटाच वारला. 1960 साली त्याचे नाव या मापाला दिले. त्याच्या आधीचे माप गॉस. दहा हजार गॉस म्हणजे एक टेस्ला. आपली पृथ्वीही एक मोठा लोहचुंबकच आहे, पण आपल्या महाराष्ट्रात तिचा जोर अर्ध्या गॉसपेक्षाही कमी भरतो. मग जाऊबाईंच्या त्या यंत्राचा जोर केवढा, याचा विचार करा!

हा गॉस जर्मनीतला. जन्म 1777 चा, घर गरिबाचे, आईला धड लिहिता-वाचता येत नव्हते. त्याच साली डेन्मार्कमध्ये ओरस्टेड जन्मला. वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते, हे त्याने 1820 साली दाखवले. त्याच्याही नावाचे एक माप आहे. गॉसच्या आधी एका गावचा चुंबकाचा जोर दुसऱ्या गावाशी नुसता ताडून पाहता येई. जिची तिची पायली निराळी असली तर उसने दिले-घेतले कसे जुळायचे, तसलाच प्रकार. 1832 साली गॉसने लांबी, वजन आणि वेळ या साध्या मापांवरूनच हा जोर मोजण्याची रीत काढली. वेबर हा त्याचा जोडीदार. त्याचेही नाव एका मापाला आहे. रेशमाच्या धाग्याला लोहचुंबकाची पट्टी टांगायची, तिला आरसा लावायचा, आणि ती केसभर हलली तरी दुरून दुर्बिणीतून वाचायची, असे त्यांचे साधन होते. पण एका गावात मोजून भागेना. म्हणून दोघांनी देशोदेशीच्या वेधशाळांना जोडून घेतले आणि ठरलेल्या दिवशी सर्वांनी गॉटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे एकाच वेळी, दर पाच मिनिटांनी सुई पाहून लिहावे, असे ठरवले. गॉटिंगेनला दुपारचे बारा वाजले की मुंबईला सव्वाचार व्हायला येतात.

मुंबईची कुलाब्याची वेधशाळा 1826 सालची, कंपनी सरकारची. तिथे लोहचुंबकाचे काम सुरू झाले 1841 च्या सुमारास. त्या कामावर मदतनीस म्हणून एक मराठी मुलगा लागला. वय सोळाच्या आसपास. तोच केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना.

त्यांचा जन्म 16 मे 1825 रोजी अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. चुलते सदाशिव काशिनाथ छत्रे हे बाळमित्र लिहिणारे नामांकित गृहस्थ. त्यांच्या घराण्याच्या आधाराने केरूनाना मुंबईस शिकले. गणितातली त्यांची बुद्धी पाहून प्रोफेसर ऑर्लिबार यांनी त्यांना वेधशाळेत घेतले. तिथे त्यांनी सुमारे दहा वर्षे काढली. सुई पाहायची, आकडा लिहायचा, पुन्हा पाहायची. आपल्याकडे सोळाव्या वर्षी मुलगा अंगणात क्रिकेट सोडून घरात येत नाही! ते काम कंटाळवाणे असले पाहिजे, आणि मला वाटते, म्हणूनच ते मोठे.

अशा नोंदींचे काय होते, ते पुढे दिसले. केरूनाना वेधशाळा सोडून गेल्यावर, 2 सप्टेंबर 1859 रोजी सूर्यावरच्या उत्पातामुळे साऱ्या जगभर चुंबकाचे वादळ उठले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बंद पडली. त्या वेळीही कुलाब्यास माणसे डोळ्यांनीच पाहून लिहीत होती. सुईचा जोर सुमारे 1600 नॅनोटेस्लाने उतरल्याची नोंद त्यांच्या वहीत आहे. एक लाख नॅनोटेस्ला म्हणजे एक गॉस. त्या वादळाचा मोठेपणा ठरवायला शास्त्रज्ञांनी आपल्या काळात, 2003 साली, हीच जुनी मुंबईची वही उघडली.

1851 पासून केरूनाना पुण्याच्या कॉलेजात गणित शिकवू लागले. मराठी शाळांसाठी त्यांनी अंकगणिताची आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके लिहिली. पुढे डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर त्यांचे विद्यार्थी झाले. टिळकांवर त्यांचा फार लोभ होता.

पण त्यांचे खरे धाडस पंचांगाचे. आकाशात ग्रह एकीकडे आणि पंचांगात दुसरीकडे, हे वेध घेण्याची सवय असलेल्या माणसाला कसे सोसावे? 1860 साली त्यांनी ग्रहसाधनाची कोष्टके हा ग्रंथ काढला, आणि 1865 पासून त्यांच्या गणिताचे नवे पंचांग निघू लागले. रेवती नक्षत्रातला एक तारा धरून त्यांनी राशिचक्राचा आरंभ ठरवला. त्यामुळे एखाद्या वर्षी अधिक महिना निराळा येतो आणि सणही महिनाभर पुढेमागे होतात. आता विचार करा, शेजारच्या घरी दिवाळी आणि आपल्या घरी नाही, हे कोणत्या बाईला चालेल? लोकांनी ते फारसे उचलले नाही. आपल्याच माणसांनी न स्वीकारल्याचे त्यांना काय वाटले असेल, हे कुठे लिहिलेले मला सापडले नाही.

त्या पंचांगाला आश्रय देणारे आबासाहेब पटवर्धन, म्हणून त्याला नाव पडले पटवर्धनी पंचांग. पुढे टिळकांनी तोच विचार उचलून धरला, तेव्हा ते झाले टिळक पंचांग. या दोन्ही नावांत केरूनानांचे नाव नाही. स्वयंपाक एकीने करावा आणि वाढणारीची वाहवा व्हावी, हे आपल्याला नवे नाही.

1879 साली ते निवृत्त झाले आणि 19 मार्च 1884 रोजी वारले.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेने सुई बिघडणार म्हणून वेधशाळेचे पहिले हिंदी प्रमुख डॉ. नानाभाई मूस यांनी 1904 साली चुंबकाचे काम अलिबागला हलवले. इमारत पोरबंदरी दगडाची, आणि तिच्यात लोखंडाचा खिळासुद्धा नाही. केरूनानांचे नागाव तिथून अगदी जवळ. सुई आजही तिथेच आहे.