विश्लेषण : रविवारी न धावलेला ऑलिम्पिक विजेता चीनच्या छावणीत का राहिला?

स्कॉटलंडचे धावपटू एरिक लिडेल यांनी १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरची शर्यत सोडली, कारण तिची प्राथमिक फेरी रविवारी होती. त्यांची ओळख आजही या नकारापुरतीच उरली आहे. पुढची २० वर्षे त्याहून अवघड होती.

रविवारचा आग्रह कशासाठी?
लिडेल यांचा जन्म १९०२ मध्ये चीनमधील तिआनजिनचा. आईवडील स्कॉटिश मिशनरी. रविवार देवाचा, त्या दिवशी खेळायचे नाही, ही घरची शिकवण. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ (१९८१) या ऑस्करविजेत्या चित्रपटात त्यांना पॅरिसच्या जहाजावर चढताना वेळापत्रक कळते. ही पटकथेची सोय. प्रत्यक्षात काही महिने आधीच त्यांना ते ठाऊक होते आणि तेवढ्या वेळात त्यांनी ४०० मीटरचा सराव केला. दोन्ही रिले शर्यतीही त्यांनी सोडल्या, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

११ जुलैच्या अंतिम फेरीत त्यांना सर्वात बाहेरची लेन मिळाली. तिथून प्रतिस्पर्धी दिसत नाहीत. लिडेल पहिल्या पावलापासून सुसाट सुटले आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. २०० मीटरमधले कांस्यपदक आधीच मिळाले होते.

धावणे आणि ख्रिस्ती श्रद्धेचा संबंध काय?
हा संबंध पौलापासूनचा. ग्रीसमधील करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत. विजेत्याला पानांचा मुकुट मिळे, तो काही दिवसांत सुकून जाई. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पौलाने त्यांच्या ओळखीचे हेच उदाहरण घेतले. धावपटू सुकणाऱ्या मुकुटासाठी देह कसतो, मग न सुकणाऱ्या मुकुटासाठी किती कसावा? तीमथ्याला लिहिलेल्या, पौलाच्याच नावे असलेल्या पत्रात भर आहे तो धाव पूर्ण करण्यावर.

लिडेल यांच्या बाबतीत हे रूपक मैदानावरही दिसले होते. १९२३ मध्ये इंग्लंडमधील स्टोक येथे ४४० यार्डांच्या शर्यतीत धक्का लागून ते गवतावर पडले. बाकीचे बरेच पुढे निघून गेले होते. ते उठले, धावले आणि जिंकले.

ऐन भरात चीन का?
१९२५ मध्ये, २३ व्या वर्षी, ते तिआनजिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात विज्ञान शिकवायला गेले. ज्या वयात धावपटू पुढच्या ऑलिम्पिकची आखणी करतो, त्या वयात. १९३४ मध्ये कॅनेडियन मिशनरींची कन्या फ्लॉरेन्स मॅकेन्झी यांच्याशी विवाह झाला. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा ते खेड्यांतील कामाकडे वळले होते. १९४१ मध्ये गर्भवती पत्नी आणि दोन मुलींना त्यांनी कॅनडाला पाठवले, स्वतः मागे राहिले. तिसरी मुलगी त्यांनी कधीच पाहिली नाही. या निर्णयाचे कौतुक करताना त्याची किंमत तीन मुलींनीही मोजली, हे विसरता येत नाही.

छावणीत काय घडले?
१९४३ मध्ये जपान्यांनी त्यांना शांडोंग प्रांतातील वेईशियनच्या छावणीत ठेवले. तिथे दीड हजारांहून अधिक परदेशी नागरिक कोंडलेले होते. त्यांत आईवडिलांपासून तुटलेली मिशनरी शाळेची मुलेही होती. लिडेल त्यांना विज्ञान शिकवत, खेळ घेत. मुले त्यांना ‘अंकल एरिक’ म्हणत.

रविवारी खेळ नाही, हा नियम इथेही होता. कंटाळलेल्या मुलामुलींनी एका रविवारी स्वतःच हॉकीचा सामना मांडला. पंच नव्हता, शेवट मारामारीत झाला. पुढच्या रविवारी मैदानावर पंच म्हणून लिडेल हजर होते. ज्या नियमापायी त्यांनी ऑलिम्पिकची शर्यत सोडली, तो या मुलांसाठी बाजूला ठेवला. त्यांची श्रद्धा हट्टी नव्हती, याचा याहून चांगला पुरावा शोधावा लागणार नाही.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी, ४३ व्या वर्षी, मेंदूतील गाठीने छावणीतच त्यांचे निधन झाले. छावणी मुक्त झाली ऑगस्टमध्ये. निधनाची बातमी कॅनडात फ्लॉरेन्स यांच्यापर्यंत पोहोचायला मे महिना उजाडला.